सरकारवर संशय घेताना या चुका टाळा

निवडणुकीचा निकाल लागला की भावकीच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकाला जिथे तिथे पाणी मुरताना दिसतं, दुसऱ्याला शंका काढणाराच देशद्रोही वाटतो. तपासायला मात्र दोघांपैकी कुणीच उठत नाही. सरकारवर संशय घेण्यात गैर काहीच नाही. पण तो घेताना आणि खोडून काढतानाही काही चुका इतक्या हमखास होतात, की खरा घोटाळा असलाच तर तो त्या गोंधळात सहज खपून जावा.

लोकांना अडाणी ठरवून मोकळं होणं

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला, आणि पाठोपाठ शहरात अफवांना ऊत आला. इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या अंगातलं तेल काढतात म्हणे. राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं, त्याचा सूड म्हणून सरकार लोकांची काळजं काढून विलायतेला पाठवतंय म्हणे. ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

आज वाचताना हसू येतं. पण पुढच्याच वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने काय केलं? गोरे सोजीर घराघरांत, पार देवघरापर्यंत घुसले, बायाबापड्यांची तपासणी चारचौघांत झाली, लोकांचं सामानसुमान रस्त्यावर आणून जाळलं. तेल काढण्याची गोष्ट खोटी होती, सरकारची दांडगाई खरी होती. आणि हे फक्त त्या काळापुरतं नाही. पाकिस्तानात ऐबटाबादला ओसामा बिन लादेन लपलाय का, हे शोधायला २०११ मध्ये सीआयएने चक्क लसीकरणाची बनावट मोहीम काढली होती. लस टोचणारे परक्यांचे हेर असतात, असं ज्यांना आधीपासून वाटत होतं, त्यांच्या हातात अमेरिकेने आयता पुरावा दिला. त्याची किंमत पुढे पोलिओचे डोस पाजत फिरणाऱ्या सेविकांनी जिवाने मोजली.

तेव्हा कुणी ‘माझा सरकारवर काडीचा भरवसा नाही’ म्हणालं, तर फॉरवर्ड खोडत बसण्याआधी त्याला विचारा, ‘काका, असं काय झालं?’ बहुतेक वेळा उत्तरात कट वगैरे नसतो. तलाठी कार्यालयातले हेलपाटे असतात, नाही तर रखडलेली पीकविम्याची रक्कम असते.

एका खऱ्या चुकीवर सगळा इमला रचणं

ही चूक उलट बाजूची. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने शोधलेली प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. घटना खरी, मृत्यू खरे. हाफकिनला निलंबित केलं गेलं. पण त्या दिवशी गावात १०७ जणांना लस टोचली होती आणि दगावलेले सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. दूषित झाली ती बाटली. हाफकिनवरचा ठपका पुसायला १९०७ साल उजाडलं. ‘तेव्हा माणसं मेली होती ना, मग आताही मारणारच’ हा युक्तिवाद आजही प्रत्येक लसीच्या वेळी नव्याने निघतो. एका प्रकरणातला पुरावा दुसऱ्या प्रकरणाला लावता येत नाही, प्रत्येक वेळी तो वेगळाच लागतो.

नकारालाच पुरावा मानणं

नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं गावभर झालं. रिझर्व्ह बँकेने नाही म्हटलं, तर ‘असली तरी सांगतील कशाला?’ अशा माणसाला एकच विचारावं: काय दाखवलं तर तुम्ही म्हणाल की चिप नाही? त्यावर उत्तर नसेल तर वाद तिथेच सोडा, चहा घ्या. उत्तर मिळालं, तर निदान तपासायला काहीतरी हाती लागलं.

आपला पक्ष कुठे बसलाय ते पाहून शंका घेणं

मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं १९८२ मध्ये, केरळातल्या परवूर मतदारसंघात, ५० केंद्रांवर. भाकपचे शिवन पिल्लै यंत्राविरुद्ध आधी कोर्टात गेले होते, आणि निवडून तेच आले. मग काँग्रेसचे हरलेले उमेदवार ए. सी. जोस यांना यंत्र खटकलं. कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती, म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवर मतपत्रिकेने पुन्हा मतदान घ्यायला लावलं, आणि जोस जिंकले. २००९ च्या पराभवानंतर मतपत्रिका परत आणा म्हणणारे लालकृष्ण अडवाणी होते. आज तीच मागणी काँग्रेस करते आणि भाजपला यंत्रात खोट दिसत नाही. आपली शंका निकालाआधीची की नंतरची, एवढं जरी स्वतःशी तपासलं तरी पुष्कळ.

‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढ्यावर भागवणं

ही खास प्रशासनाची चूक. विधानसभेच्या निकालात यंत्रावर शंका आली म्हणून माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ३ डिसेंबर २०२४ ला स्वखर्चाने मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. त्याला कायद्याने काही किंमत नव्हती हे खरंच. पण उत्तर काय मिळालं, तर जमावबंदी आणि पोलिसांचा बंदोबस्त. गावातली शंका राज्यभर पोचली ती त्यामुळे. त्याआधी २०२४ च्याच लोकसभेला पहिल्या टप्प्याचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि अंतिम टक्केवारी आली ३० एप्रिलला, तीही मतांच्या प्रत्यक्ष आकड्यांविना. ते आकडे २५ मेला जाहीर झाले. पुढे डिसेंबरात निवडणूक नियमांतला, कागदपत्रं पाहण्याबद्दलचा नियम ९३ बदलून सीसीटीव्ही चित्रणासारख्या गोष्टी पाहण्याची वाटच अरुंद केली. लपवायचं काही नसेलही, पण आपल्या हाताने संशयाला खतपाणी घालणं ते हेच.

चुकीचे आकडे ताडून पाहणं

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाचा संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम ६६.०५. ‘रात्रीत मतं वाढली’ हे तिथून निघालं. निवडणूक आयोगाचं म्हणणं असं की पाचचा आकडा केंद्राकेंद्रांवरून गोळा केलेला अंदाज असतो, सहाला रांगेत असलेले नंतरही मतं देतात आणि राज्यात केंद्रं एक लाखाहून जास्त आहेत. पटो न पटो, हे दोन आकडे शेजारी ठेवून यंत्राबद्दल काहीच सिद्ध होत नाही, इकडेही नाही नि तिकडेही नाही.

ताडून पाहायचा कागद वेगळाच आहे: नमुना १७-क. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे यंत्राच्या मतं साठवणाऱ्या भागावरचं, क्लोज बटण दाबतो आणि एकूण मतांचा आकडा या नमुन्यात भरतो. यंत्राचा क्रमांक, कागदी सीलचे क्रमांक, सगळं त्यावर असतं, आणि त्याची प्रत मतदान प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या दिवशी तेच यंत्र टेबलावर आलं की क्रमांक आणि एकूण मतं जुळवायची. फरक आला तर आधी विचारा, मतदान सुरू होण्याआधी सकाळी यंत्राच्या चाचणीसाठी टाकलेली किमान ५० मतं पुसायची राहिली होती का. ही चूक केंद्रावर घडू शकते. ती नसेल तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या.

व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्राशेजारी छापल्या जाणाऱ्या, चिठ्ठ्या मोजतात त्या दर विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या. राज्यात त्या १,४४० होत्या आणि सगळ्या जुळल्या, असं आयोगाने सांगितलं. पाच कमी वाटतात? वाटू शकतात, ती मागणी रास्तच आहे. पण किती उमेदवारांचे प्रतिनिधी संध्याकाळी १७-क घेण्याआधीच घरी गेलेले असतात, हेही एकदा आपापल्या पक्षात विचारून बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून मागता येतात. खर्च आधी भरावा लागतो, छेडछाड निघाली तर तो परत मिळतो. अर्जाची मुदत निकालापासून सात दिवस.