विहिरीच्या खोलीवरून इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या कशा काढाव्यात

काटोलकडच्या संत्राबागेतल्या विहिरीची खोली आपण काठापासून मोजतो. क्वांटम विहिरीतील, म्हणजे इलेक्ट्रॉनला कोंडून ठेवणाऱ्या कमी ऊर्जेच्या अतिसूक्ष्म पट्ट्यातील ऊर्जेचा हिशेब मात्र तळ शून्य धरून करावा, कारण खोली बदलली की काठच सरकतो आणि पातळी खरोखर किती हलली हे कळत नाही.

एका मितीतील, १ नॅनोमीटर रुंदीची चौकोनी विहीर घेऊ. प्रथम भिंती अमर्याद उंच समजून इलेक्ट्रॉनच्या पातळ्या मांडाव्यात: पहिली ०.३७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, दुसरी तिच्या चौपट, तिसरी नऊपट. यांतील जितक्या पातळ्या खऱ्या खोलीच्या आत बसतात त्यांत एक मिळवला की बद्ध, म्हणजे इलेक्ट्रॉन विहिरीत अडकून राहील अशा पातळ्यांची संख्या मिळते. १ इलेक्ट्रॉन व्होल्ट खोलीत दोन, १० मध्ये सहा. आणि विहीर कितीही उथळ असली तरी एक पातळी उरतेच.

आता पातळीची जागा. खोलीला ०.०३८१ ने (इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावरून येणारा ठरावीक आकडा) भागून वर्गमूळ घ्यावे आणि त्याला निम्म्या रुंदीने गुणावे. १ इलेक्ट्रॉन व्होल्टसाठी २.५६ येतात. कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना, हे आधी पाहावे. नागपूर विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेची तयारी करणारी, माझ्याकडे येणारी मुले बहुधा इथेच चुकतात. १ हा पहिला अंदाज धरून त्याला २.५६ ने भागून व्यस्त कोसाइन घ्यावा, आलेल्या उत्तराला पुन्हा २.५६ ने भागून तेच करावे: १.१७, १.१०, १.१३, १.११ असे हेलकावे घेत उत्तर १.१२ वर स्थिरावते. त्याचा वर्ग गुणिले ०.१५२४ (०.०३८१ भागिले निम्म्या रुंदीचा वर्ग) म्हणजे ०.१९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. दुसऱ्या पातळीसाठी २ पासून सुरुवात करून, तसेच २.५६ ने भागून व्यस्त साइन घ्यावा व तो दर वेळी ३.१४१६ मधून वजा करावा; स्थिरावलेल्या उत्तराचा वर्ग ०.१५२४ ने गुणला की ती ०.७० वर येते.

हीच कृती निरनिराळ्या खोल्यांसाठी केली की पहिली पातळी ०.३ खोलीला ०.१२, १ ला ०.१९ आणि १० ला ०.३० मिळते. खोली दहापट वाढूनही पातळी दुप्पटसुद्धा होत नाही, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर सत्य वाटते. त्याचे कारण असे, की भिंत ठेंगणी असताना इलेक्ट्रॉनची लाट भिंतीत झिरपते. १ इलेक्ट्रॉन व्होल्ट खोलीला दोन्ही बाजूंना सुमारे ०.२२ नॅनोमीटर, १० ला जेमतेम ०.०६. झिरपलेल्या लाटेला विहीर रुंद भासते, म्हणून तिची ऊर्जा कमी राहते. खोली वाढेल तसे झिरपणे आटते आणि पातळी ०.३७६ कडे सरकते, पण ती ओलांडत नाही. तिला त्याहून वर न्यायचे असेल तर रुंदीच कमी करावी लागते; रुंदी निम्मी केली की ही मर्यादा चौपट, म्हणजे १.५०४ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते.