आईंच्या औषधांची पिशवी

सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. देवगडहून डॉक्टरांकडे निघण्याआधी मी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरते: फडताळातल्या स्ट्रिपा, डोळ्यांचे थेंब, काढ्याची बाटली, शेजारणीने दिलेली झोपेची गोळीसुद्धा. नुसती चिठ्ठी नेऊ नका. चिठ्ठीत नसलेलंच नडतं.

गेल्या पावसाळ्यात आई रात्री उठून खळ्यात जायच्या, "होडी इली काय?" विचारायच्या. आजार वाढला असंच वाटलं. पिशवीत सर्दीची गोळी निघाली, क्लोरफेनिरामिन असलेली. तिने म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढू शकतो, आणि स्मरणशक्तीसाठी दिलेल्या डोनेपेझिलच्या ती उलट काम करते. वारंवार लघवीसाठीच्या ऑक्सिब्युटिनिनचंही तेच. डॉक्टरांनी सर्दीची गोळी थांबवली, आणि चार दिवसांत आई रात्रभर झोपू लागल्या.

प्रत्येक गोळीबद्दल विचारा: कशासाठी, कधीपासून, अजून हवी का? नवा त्रास दिसला की आधी नवी गोळी आठवा. झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने एकदम तोडू नका. ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात. बदल एका वेळी एकच. मी कॅलेंडरवर त्या तारखेखाली आईंची झोप, जेवण आणि चालताना जाणारा तोल लिहिते.