बी.एस्सी. झाली, आता रेणू मोबाईलवर फिरवायचेत?

विदर्भात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी वाकवणारा आनुवंशिक आजार, काय असतो हे सहसा कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून नागपुरात बायोटेक किंवा रसायनशास्त्र शिकून मॉलिक्युलर ग्राफिक्सकडे, म्हणजे रेणूंची त्रिमितीय चित्रं संगणकावर उभी करण्याकडे, वळणाऱ्यांना मी पहिला रेणू हाच सुचवतो : २एचबीएस (2HBS). प्रोटीन डेटा बँक या रेणूंच्या रचनांच्या खुल्या साठ्यातली सिकल हिमोग्लोबिनची ही रचना कुणालाही फुकट उतरवून घेता येते. आठ साखळ्या, साधारण नऊ हजार अणू.

बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, फरक एवढाच. ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलीन शेजारच्या हिमोग्लोबिनवरच्या खाचेत, ८५व्या फेनिलॲलानिनजवळ आणि ८८व्या ल्युसिनजवळ, जाऊन बसतं. असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी वाकते. तुमच्या वेबपानावर रेणू बोटाने फिरवताना ही खाच दिसली पाहिजे. व्हॅलीन आणि खाच ठळक करा, बाकी सगळं फिकट रिबनमध्ये, म्हणजे साखळीची नुसती पट्टी दाखवून, ठेवा. सगळे अणू दाखवले तर सहा इंची पडद्यावर नुसती गर्दी होते. काय लपवायचं हे ठरवणं मला या कामातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य वाटतं, आणि तिथे तुमचं जीवशास्त्रच कामी येतं.

साधनांची चिंता नको. पूर्वी रेणू दाखवणारं जेमॉल हे सॉफ्टवेअर जावा ॲपलेट, म्हणजे प्लगइन लागणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणून चालायचं, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये त्याला जागाच नव्हती. २०११ मध्ये वेबजीएल, म्हणजे ब्राउझरमध्येच त्रिमितीय चित्र काढायची सोय, आलं आणि प्लगइनची गरज संपली. सुरुवात थ्रीडीमॉल या जावास्क्रिप्ट लायब्ररीने करा, कोडच्या दहा-बारा ओळींत रेणू पडद्यावर येतो. मोठ्या रचनांसाठी मॉलस्टार. दोन्ही ओपन सोर्स.

खरी मेहनत स्वस्त फोनवर आहे. प्रत्येक अणूचा गोल तीनशे त्रिकोणांचा केला तर नऊ हजार अणूंचे सत्तावीस लाख त्रिकोण होतात. त्याऐवजी दोन त्रिकोणांचा चौकोन ठेवून गोलाई शेडरकडून, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडून, रंगवून घेतात, याला इम्पोस्टर म्हणतात. हे नीट समजून घ्या, मुलाखतीतही उपयोगी पडेल. पिक्सेल रेशो ३ असलेला फोन, म्हणजे पानाच्या एका बिंदूमागे आडवे तीन आणि उभे तीन पिक्सेल असलेला, नऊपट पिक्सेल रंगवतो. मे महिन्यात नागपुरात तो लगेच तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. रेशो दीडवर अडवा, डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही. रेणू स्थिर असेल तेव्हा पुन्हा पुन्हा रंगवू नका.

एका बोटाने रेणू फिरतो, पण त्याच बोटाने पानही सरकतं. कॅनव्हासवर, म्हणजे रेणू रंगवला जातो त्या चौकटीवर, सीएसएसमधलं टच-ॲक्शन बंद करा आणि बाजूला पान सरकवण्यापुरती जागा सोडा. वापरणारा व्हॉट्सॲपवर जाऊन परत आला की कधी कधी कॅनव्हास कोरा झालेला असतो, कारण फोनने ग्राफिक्सची मेमरी काढून घेतलेली असते. अशा वेळी ब्राउझर देतो तो ‘कॉन्टेक्स्ट लॉस्ट’चा इव्हेंट, म्हणजे सूचना, पकडून चित्र पुन्हा उभं करा.

एवढं जमलं की तुलनेसाठी शेजारी ४एचएचबी (4HHB), म्हणजे निरोगी माणसाचं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन ठेवा आणि दोन्ही एकाच बोटाने एकत्र फिरतील असं करा.