शनिवारी घाट चढण्याआधी

एक्सप्रेसवेने पुण्याला निघायची तयारी शुक्रवारी रात्री सुरू होते, आणि ती गाडीपासून नाही तर घड्याळापासून. शनिवारी सकाळी सात-साडेसातला वाशीचा पूल ओलांडलात, की नऊच्या सुमारास खोपोलीच्या वर कुठेतरी तुम्ही इंजिन बंद करून उभे असणार, हे सांगायला पंचांग लागत नाही. एक तर पाचच्या आत कळंबोली मागे टाका, नाहीतर घरी दुपारचं जेवून सावकाश निघा. मधल्या वेळेत निघून नशीब अजमावायचं असेल तर माझ्या शुभेच्छा. पंधरा ऑगस्ट, नाताळ किंवा दिवाळीला जोडून शनिवार-रविवार आला असेल, तर एक दिवस आधी जाता येतं का ते विचारा. रविवारी संध्याकाळी हेच चित्र मुंबईच्या दिशेने उलटं होतं.

माझं माहेर डोंबिवलीचं आणि घर चिंचवडला. महिन्यातून दोनदा तरी ही फेरी असते, त्यातल्या निम्म्या वेळा बाबांना सोबत आणते. अकरा वर्षांत निघण्याआधीच्या तयारीची ही यादी वाढत गेली. नवरा म्हणतो, ही प्रवासाची यादी आहे की लग्नातल्या रुखवताची? पण तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीमागे एकच हेतू आहे: रस्त्याला लागल्यावर अचानक लेन बदलायची पाळी येऊ नये. लेन कटिंग करणारे सगळे काही उद्दाम नसतात. पुष्कळदा कुणाला तरी पोटात कळ आलेली असते, पेट्रोलचा दिवा लागलेला असतो, एक्झिट निघून चाललेला असतो. अर्धी शिस्त घरातूनच नेता येते.

म्हणून पहिलं काम, फास्टॅगमधले पैसे. नुसता बॅलन्स नव्हे, टॅग चालू आहे ना हेही बघा. खालापूरच्या टोलनाक्यावर ‘ब्लॅकलिस्टेड’ असं उमटलं आणि मागे वीस गाड्या असल्या, की माणूस रिव्हर्स टाकून शेजारच्या रांगेत घुसायला बघतो. मग तिथे जे सुरू होतं ते पुढे घाटापर्यंत पोचतं. नाक्याजवळ रस्ता पंख्यासारखा पसरतो आणि नाका ओलांडला की पुन्हा तीन लेनचा होतो. आपल्या समोर सरळ येईल ती खिडकी धरायची. टोकाची रांग छोटी दिसते म्हणून चार रांगा तिरक्या कापत जाऊ नये. तीन गाड्या वाचतात आणि बाहेर पडताना तेवढ्याच पुन्हा आडव्या येतात.

पेट्रोल आदल्या रात्री भरा. त्याच पंपावर हवा बघा, पण टायर गार असताना, आणि आकडा पंपावरच्या पोऱ्याला न विचारता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावरून घ्या. कमी हवेचा टायर वेगात लोळत लोळत तापतो. काँक्रीटवर टायर फुटतात असं आपण म्हणतो, पण रस्त्याला दोष देण्याआधी हा आकडा पाहावा. आणखी एक गंमत दाखवते. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांच्या शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. माझ्या स्टेपनीवर २३१४ होतं, म्हणजे २०१४ सालातल्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी नवीकोरी, वापर शून्य, आणि रबराला नखाने दाबलं की केसाएवढ्या भेगा. तो मी आठ वर्षं विश्वासाने डिकीत वाहत होते. तुमचाही बघा, आत्ताच बघा.

कूलंटची पातळी, वायपरची रबरं, मागचे दिवे आणि इंडिकेटरचे सगळे बल्ब. मागचा एखादा इंडिकेटर बंद असेल तर तुम्ही कितीही शिस्तीने लेन बदललीत तरी मागच्याच्या दृष्टीने ती कटिंगच.

आता बाबांची गोष्ट. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये एक लघवीची. चार वर्षांपूर्वी माडपचा बोगदा संपता संपता ते मागून म्हणाले, “बेटा, थांबव गं जरा.” त्यांच्या आवाजावरून कळलं की ‘जरा’ म्हणजे आत्ता. मी मधल्या लेनमध्ये होते. डावा इंडिकेटर दिला आणि दिल्यादिल्याच वळले, एका कंटेनरच्या तोंडासमोरून. त्याने दाबलेला हॉर्न मी कडेला थांबल्यावरही वाजतच होता. बाबा उतरले, मी स्टिअरिंग धरून तशीच बसले, पाय थरथरत होते. चूक शंभर टक्के माझी होती आणि ती बोगद्यात नाही, सकाळी घरी चहाच्या टेबलावर झाली होती. आता डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या दिवशी ती गोळी पोचल्यावर घेतो. कळंबोलीच्या आधी एकदा थांबतो, खालापूरच्या फूड मॉलला दुसऱ्यांदा, गरज असो वा नसो. लहान मुलांनाही हाच नियम. “मला नाही आली” हे उत्तर चालत नाही.

एक्झिटचं नाव कागदावर लिहून शेजारच्याच्या हातात द्या: शेडुंग, खोपोली, खंडाळा, कुसगाव, तळेगाव. लोणावळ्याला जाणारे उजव्या लेनमध्ये गप्पा मारत असतात, कुसगावची पाटी डोक्यावर आली की तीन लेन कापून डावीकडे उडी घेतात. दोन किलोमीटर आधीच डावीकडे या. चुकलाच एक्झिट तर तळेगावपर्यंत जाऊन परत या. रिव्हर्स येणारी गाडी मी या रस्त्यावर दोनदा पाहिली आहे, तिसऱ्यांदा पाहायची इच्छा नाही.

लेनचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. अवजड वाहनं डावीकडे, कार मधल्या लेनमध्ये, उजवी फक्त ओव्हरटेकपुरती. २००२ साली पूर्ण झालेला हा साधारण ९५ किलोमीटरचा रस्ता याच हिशेबाने आखलाय. प्रत्यक्षात मात्र उजवी लेन म्हणजे मानाची जागा अशी आपली समजूत आहे. एकदा तिथे बसलं की ऐंशीच्या वेगाने, गाणी ऐकत, देहूरोडपर्यंत हलायचं नाही. मागचा डिपर मारून थकतो आणि डावीकडून घुसतो, मग मधल्या लेनमधला ब्रेक दाबतो. खरा गुन्हेगार कोण, घुसणारा की बसून राहणारा? माझं मत बसून राहणाऱ्याच्या विरुद्ध आहे, आणि हे वाचून काही नातेवाईक रागावणार आहेत.

कोंडीचं कारण गर्दी एवढंच असतं, तर गोष्ट सोपी होती. जपानमधल्या संशोधकांचा एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटरच्या गोल वाटेवर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना ताशी ३० किलोमीटरने चालवायला सांगितलं. ना सिग्नल, ना खड्डा, ना टोलनाका. थोड्याच वेळात कुणीतरी किंचित हळू झालं, मागच्याने त्याहून थोडा जास्त ब्रेक दाबला, आणि बघता बघता काही गाड्या चक्क थांबल्या. थांबलेल्यांचा तो पुंजका ताशी वीसेक किलोमीटरने मागे मागे सरकत राहिला. आपल्याकडे एखादा मध्ये घुसतो तेव्हा हेच होतं, फक्त ब्रेक किंचित नाही, कचकन लागतो. घुसणारा निघून जातो. त्याची गाठ मागे राहते आणि दहा मिनिटांनी त्याचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला अडवते. कोंडी सुटल्यावर “अरे, इथे तर काहीच नव्हतं!” असं आपण म्हणतो ना, ती ही गाठ.

यावर तयारी म्हणजे अंतर. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. पुढची गाडी एखाद्या पाटीखालून गेली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं आणि मगच आपण त्या पाटीशी पोचायचं. त्या फटीत कुणीतरी घुसणार, घुसू दे. पुन्हा मोजायचं. नवऱ्याला हे अजिबात जमत नाही, त्याला प्रत्येक घुसणारा जमिनीच्या बांधावर अतिक्रमण करणारा भाऊबंद वाटतो. त्याला मी एक हिशेब सांगते: पूर्ण रस्ता शंभरने गेलास तर ५७ मिनिटं, ऐंशीने गेलास तर ७१. चौदा मिनिटांचा फरक, तोही रस्ता मोकळा असेल तर. फूड मॉलला वडापावच्या रांगेत आपण याहून जास्त घालवतो.

घाटाची तयारी वेगळी. जुना हायवे घाटात काही अंतर एक्सप्रेसवेलाच येऊन मिळतो आणि खंडाळ्याला सुटतो. दोन नद्यांचं पाणी एका ओहोळातून. त्यामुळे ‘पुढे जाम आहे, जुन्या हायवेने जाऊ’ ही पळवाट बऱ्याचदा त्याच दारात आणून सोडते. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकतात, ते भाग्य मात्र मिळतं. गाड्या मिळतात तिथे डावीकडून येणाऱ्याला जागा सोडायची, चेनच्या दातांसारखी, एक त्यांचा, एक आपला. २०२० च्या एप्रिलमध्ये १८३० चा अमृतांजन पूल पाडला, तेव्हा त्याच्या खांबांपाशी होणारा बोळ गेला. पण चढ आणि ट्रक तिथेच आहेत. खोपोली ते कुसगाव हा मिसिंग लिंक, म्हणजे घाट टाळणारा नवा रस्ता, जवळजवळ नऊ किलोमीटरच्या बोगद्यासह आखला आहे. त्याच्या भरवशावर ही यादी फाडू नका. बोगद्यात कटिंग केली तर तिथे कडेला पळायलाही जागा कमी.

घाटात ट्रक ट्रकला ओव्हरटेक करतो, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. एक वीसच्या वेगाने, दुसरा बावीसच्या, तिसरा त्या दोघांच्याही उजवीकडून, आणि मागे आपण. मी फार शिव्या घालायचे. मग खालापूरला चहा पिताना एका ट्रेलरवाल्या काकांना विचारलं, डावी लेन का सोडता? ते म्हणाले, “ताई, डावीकडे बंद पडलेली गाडी लागते. माल भरून चढाला एकदा थांबलो तर पुन्हा उठायला दम निघतो.” त्यांचं सगळं पटलं असं नाही. पण तेव्हापासून घाट लागायच्या आधीच मी मधली लेन धरते, दोन्ही लेन रेंगाळल्या तरी तिथेच राहते. शेजारची रांग नेहमीच जास्त पळते असं वाटतं. तिकडे गेलात की आपलीच जुनी रांग पळू लागते.

चढाला गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नका. पुढचा दोन गाड्यांइतका सरकू दे, मग पहिल्यात टाकून चला, तोवर हँडब्रेक. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करून खिडक्या उघडा. परत येताना उतारावर न्यूट्रल नको, खालचा गिअर ठेवा. सपाटीवर कारला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. कमानींवरचे कॅमेरे वेगाबरोबर लेन कटिंग आणि सीटबेल्टही टिपतात. ई-चलानाचा एसएमएस बहुधा आपण तो प्रवास विसरल्यावर येतो.

पावसाळ्यात निघण्याआधी घाटाची बातमी बघाच. जुलै २०२३ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड आली होती, त्यानंतर ती हटवण्यासाठी ब्लॉक घेतले गेले. धुक्यात आणि बोगद्यात चारही दिवे लुकलुकवत चालण्याची आपल्याकडे फॅशन आहे. चालत्या गाडीचे हॅझर्ड चालू असले की तुम्ही इंडिकेटर दिलात का, हे मागच्याला कळायचं कसं? हेडलाइट खाली करून लावा, हॅझर्ड थांबल्यावर. गाडी बंद पडली तर त्रिकोण दूर मागे ठेवा आणि सगळ्यांना गाडीतून काढून कठड्याच्या पलीकडे उभं करा. ११२ आणि १०८ हे नंबर मुलांनाही पाठ हवेत. कडेची पट्टी रिकामी ठेवायची, कोंडीतही. तिथून रुग्णवाहिका येते.

अडकलात तर लागणारं सामान डिकीत ठेवू नका, हाताशी ठेवा: तीन लिटर पाणी, दशम्या आणि कोरडी चटणी, डब्यात भडंग, आवळा सुपारी, मुलांसाठी दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, गोळ्यांचा डबा, पॉवर बँक. केळी नकोत. एकदा घाटात तीन तास काढल्यावर केळ्यांचं काय होतं ते मी पाहिलंय, सीटकव्हरवर अजून दिसतं.

आणि शेवटचं, पोचायची वेळ कुणालाही सांगू नका. “अकराला येतो” म्हटलं की साडेदहाला उजवा पाय आपोआप जड होतो. सासूबाईंना मी आता फक्त ‘निघाले’ एवढंच कळवते. कुकर मात्र त्या कामशेतचा बोगदा ओलांडल्याचा फोन आल्यावरच लावतात, आणि तो फोन मागच्या सीटवरून बाबा करतात.