आयोवातील छोट्या गावात मनोविकारांवर औषध देणारी नर्स प्रॅक्टिशनर शोधताना

आम्ही अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या छोट्या गावी राहायला आलो तेव्हा पत्नीची नैराश्यावरची औषधे लिहून देणारे कोणीतरी शोधणे भाग पडले, कारण जुने डॉक्टर दुसऱ्या राज्यात होते आणि रुग्ण ज्या राज्यात असेल तेथील परवान्याविना व्हिडिओवरूनही उपचार सहसा करता येत नाहीत. विमा कंपनीच्या यादीतील नावे बहुतेक कुचकामी निघाली. कोणी निवृत्त झाले होते, तर कोणी नवे रुग्ण घेत नव्हते.

उपयोगी पडली ती अमेरिकेच्या केंद्र सरकारची एनपीआय नोंदणी, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्यांची ऑनलाइन यादी. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेथे नाव न टाकता राज्य, टपाल क्रमांक आणि ‘सायकियाट्रिक / मेंटल हेल्थ’ हा प्रकार भरला, तेव्हा विम्याच्या यादीत मुळीच नसलेली एक नर्स प्रॅक्टिशनर (उच्च प्रशिक्षण घेतलेली परिचारिका) शेजारच्या गावातील सामुदायिक आरोग्य केंद्रात सापडली. तिचा परवाना ‘नर्सिस’ या नर्सच्या परवान्यांची नोंद दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पडताळून पाहिला. आयोवात नर्स प्रॅक्टिशनरना डॉक्टरांच्या देखरेखीविना निदान करण्याचा व औषधे लिहून देण्याचा अधिकार आहे, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञच हवा हा आमचा हट्ट (खरे तर माझाच) अनाठायी होता.

पहिली भेट बरीच लांबची मिळाली. मधल्या काळात औषध अचानक तुटू नये म्हणून जुनी चिठ्ठी व डोसाची नोंद दाखवून गावातील फॅमिली डॉक्टरांकडून तेच औषध लिहून घेतले, आणि कोणाची भेट रद्द झाल्यास फोन करावा असे केंद्रात सांगून ठेवले. अडीअडचणीसाठी ९८८ हा मानसिक संकटात मदतीसाठीचा फोन क्रमांक फ्रिजवर चिकटवला.