मोतीचे घोरणे

आमचा पग जातीचा मोती घोरतो, याचे घरात कौतुकच होते. पण एका रात्री घोरणे मध्येच थांबले, बरगड्या हलत असूनही श्वास आत जाईना आणि काही क्षणांनी तो दचकून उठला, मान ताणून बसून राहिला. मी त्याचे मोबाइलवर चित्रीकरण केले. ते पाहूनच पशुवैद्यांनी अरुंद नाकपुड्या आणि टाळूचा लांबलेला मऊ भाग, ही चपट्या नाकाच्या कुत्र्यांतील जन्मजात कारणे सांगितली. वजन ११ किलोंवरून साडेआठवर आणले (बिस्किटे आजोबाच देत होते), गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घातला. तरी त्रास उरलाच, म्हणून नाकपुड्या रुंद करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आता झोपेतले श्वास मोजतो. मिनिटाला ३० च्या वर गेले किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, असे ठरले आहे.