कोकणात येण्याआधी काय वाचावं? आधी पत्ता नीट लिहा

दिवाळी तोंडावर आली की आमचा फोन वाजायला लागतो. खोली आहे का, मासे मिळतील का, संडास आत आहे की बाहेर, हे तीन प्रश्न ठरलेले. हल्ली चौथा येतो: "काकू, यायच्या आधी कोकणावरचं एखादं चांगलं पुस्तक वाचावं म्हणतोय. कुठलं घेऊ?"

मी 31 वर्षं टपालखात्यात काढली, सगळी दापोली तालुक्यात. त्यामुळे माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो: पत्ता काय? नुसतं "कोकण" लिहिलेलं पत्र आम्ही बाजूला ठेवायचो. पुस्तकाचंही तसंच आहे. "संपूर्ण कोकण" असं ज्याच्या पाठीवर छापलंय ते पुस्तक डहाणूपासून तेरेखोलपर्यंत एका दमात पळतं, आणि तुम्ही जिथे चार रात्री राहणार त्या गावाच्या वाट्याला दीड ओळ येते.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक गृहस्थ सहकुटुंब आले. अभ्यासू माणूस. जंजिऱ्यावरची तीन पुस्तकं वाचून, पेन्सिलीने खुणा करून आले होते. सिद्दी, कलालबांगडी तोफ, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालायचा केलेला प्रयत्न, सगळं तोंडपाठ. संध्याकाळी पडवीत चहा घेताना म्हणाले, "उद्या सकाळी सातला जंजिऱ्याची होडी मिळेल ना?" आमच्या ह्यांनी कप हळूच खाली ठेवला. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात. आमचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळ. मध्ये बाणकोटची खाडी, पुढे राजपुरीची. वेसवीला गाडी फेरीबोटीत घाला, बागमांडल्याला उतरा, मग दिघीहून पुन्हा बोट, आगरदांडा, तेव्हा कुठे ते मुरुड. त्या गृहस्थांचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी हर्णैच्या बंदरावर उभं राहून समोर समुद्रातल्या तटबंदीकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं, "हा कुठला?" तो सुवर्णदुर्ग. त्याच्याबद्दल एक ओळ वाचलेली नव्हती.

तेव्हा पहिलं काम: नकाशा उघडा आणि खाड्या मोजा. कोकणात गावागावांतला फरक घाटामुळे कमी, खाडीमुळे जास्त. पूल झाले ते अलीकडे. तोवर पलीकडचा काठ म्हणजे वेगळी बोली आणि वेगळी जत्रा. आपण कुठल्या दोन खाड्यांच्या मध्ये राहणार ते ठरलं की पुस्तकांचा ढीग आपोआप लहान होतो.

अलिबागकडे जाणार असाल तर अष्टागराचं, म्हणजे तिथल्या किनारपट्टीचं वाचा. शां. वि. आवळसकरांचं 'आंग्रेकालीन अष्टागर' जुनं आहे, पण मिळालं तर सोडू नका. आंग्र्यांच्या लढाया सगळेच सांगतात. ह्या पुस्तकात त्या काळची गावं आणि त्यांचा कारभार दिसतो. त्याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलींबद्दल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंबद्दल, थोडं वाचून निघा. नवगावला त्यांचं स्मारक आहे. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना "शनिवार तेली" नाव दिलं. आडनावं पाहा, पेणकर, रोहेकर. पेण आणि रोहे हीच गावं. आणि कोर्लई. 1740 साली पोर्तुगीज चौल-रेवदंडा सोडून गेले, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून झालेली बोली आजही बोलतात. हे माहीत असलं की गल्लीतून चालताना कान टवकारतात. नसलं तर किल्ल्यावर फोटो काढून माणसं परत फिरतात.

खाली वेंगुर्ल्याकडे जाणार असाल तर इतिहासाचं पुस्तक नंतर, आधी जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. आरवलीचं गाव, तिथली माणसं, त्यांचा तिरकसपणा. मग आरवलीच्या वेतोबापुढे भल्यामोठ्या चपला वाहिलेल्या बघाल तेव्हा हसू येणार नाही, किंवा बरोबर जागी येईल. धीट असाल तर खानोलकरांचं 'कोंडुरा' घ्या, पण एकटे राहणार असाल तर रात्री वाचू नका. कोंडुरा ही जागा खरोखरची आहे, वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावर.

आता आमच्याकडचं. इथे मी जरा रेंगाळणार.

दापोलीत येणारे बहुतेक लोक श्री. ना. पेंडसे वाचून येतात, आणि यावंच. पेंडसे इथल्या मुर्डीचे. 'गारंबीचा बापू' दोन रात्रींत होतं. 'तुंबाडचे खोत' दोन खंडांचं आहे, त्याला महिना ठेवा. आसूदच्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, केशवराजाच्या देवळाकडे उतरताना डोक्यावर पोफळींची सावली आणि पायाशी पाटाचं पाणी वाहत असतं, तेव्हा गारंबी कुठे आहे हे विचारावं लागत नाही.

पण कादंबरी वाचून आलेला माणूस "खोत" हा शब्द असा काही उच्चारतो, की जणू एखादी रुबाबदार पदवी. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार. गेल्या वर्षी एका तरुण पाहुण्याने आमच्या गड्याला, नारळ सोलता सोलता, कौतुकाने विचारलं, "तुमच्या गावचे खोत कोण होते?" गडी कुणबी. त्याने कोयता नारळात तसाच रुतवून ठेवला, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "होते एक. आज्याचं अर्धं भात त्यांच्याकडं जायचं." एवढंच बोलला आणि पुढचा नारळ घेतला.

म्हणून माझा नियम असा: एका घराचं पुस्तक घेतलंत तर पलीकडच्या घराचंही घ्या. खोतांची कादंबरी घ्या आणि तिच्या शेजारी ऊर्मिला पवारांचं 'आयदान' ठेवा. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी, सुपं, टोपल्या. फणसवळ्याच्या बायका डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालत जायच्या, ती वाट त्या पुस्तकात आहे. तुम्ही एसीत बसून जो घाट "काय सुंदर!" म्हणत उतरता, तसाच चढ कुणीतरी अनवाणी, डोक्यावर भारा घेऊन चढलेलं आहे. शिवाय खोती कशी गेली ते दोन-चार पानं तरी वाचा. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सहा वर्षं जमीन पिकवली नाही. कायदा झाला तो 1949 साली. सहा वर्षं शेत पडीक ठेवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात भात येतं त्यालाच कळेल.

किल्ल्यांच्या पुस्तिकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एकदा एका किनाऱ्यावरच्या स्टॉलवर मी रंगीत पुस्तिका घेतली. आत सुवर्णदुर्गाच्या मजकुरावर चक्क जंजिऱ्याच्या मुरुडसमोरच्या पद्मदुर्गाचा फोटो. म्हणजे छापणाऱ्यालाही दोन मुरुडं एकच वाटली असणार. ती पुस्तिका आता आमच्या टेबलाचा हलणारा पाय सांभाळते.

पुस्तिका घ्यायच्या आधी उभ्या उभ्या एक परीक्षा घ्या. सुवर्णदुर्ग किंवा विजयदुर्गाचं पान काढा आणि 1755-56 सालाबद्दल काय लिहिलंय ते बघा. 1755 ला सुवर्णदुर्ग आणि 1756 ला विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेले, ते इंग्रजांच्या आरमारामुळे. आणि त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने पेशवे होते. हे ज्यात सरळ लिहिलंय ते पुस्तक घ्या. "परकीयांनी कपटाने किल्ला घेतला" असं म्हणून जे पुढच्या पानावर उडी मारतं, ते इतर ठिकाणीही अशाच उड्या मारणार. लेखक कुठल्या बाजूचा आहे ह्याची मला फिकीर नाही. अडचणीचं पान त्याने फाडलं की ठेवलं, एवढं मी बघते.

परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, इथून सुरू होणारी पुस्तकं पुष्कळ. ती कथा वाचाच, तिच्याशिवाय इथली देवळं आणि आमचा अहंकार दोन्ही समजणार नाहीत. फक्त ती कथा संपल्यावर पुढे काय येतं ते तपासा. लगेच शिवकाळ आला तर मधली शतकं गेली कुठे? शिलाहार राजांचे ताम्रपट आहेत, खारेपाटणचा 1008 सालचा आहे. दाभोळला आदिलशाही काळातली मशीद खाडीच्या काठावर आजही उभी आहे. आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या सपाट पठारांवर कोरलेली, कातळशिल्पं तर त्याहून कितीतरी जुनी. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की त्याच्या पायाशी उभं राहिलं तर सोंड कुठे आहे हे शोधावं लागतं. कातळशिल्पांसाठी मात्र जुनं पुस्तक चालत नाही. दरवर्षी नवीन सापडतात, म्हणून छापल्याचं साल बघूनच घ्या.

जाडजूड वाचायची हौस असेल तर मुंबई इलाख्याचं गॅझेटियर. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंड 1880 चा, कुलाबा-जंजिऱ्याचा अकरावा 1883 चा. इंग्रजीत आहेत, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, पाऊस आणि गवताच्या जाती वाचून झोप येईल. शेवटी गावांची नोंद अक्षरानुक्रमे असते, तिथे आपलं गाव काढा. सापडलं नाही तर जुनं नाव टाकून बघा. बाणकोटच्या किल्ल्याला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. मी नोकरीत असताना हर्णैची नोंद वाचली आणि त्याच संध्याकाळी तिथल्या मासळीच्या लिलावाला गेले. टोपल्या, बर्फ, ओरडा, आणि मागे तो किल्ला. एकच जागा दोन वेळा पाहिल्यासारखं वाटलं. मात्र त्यात जातीजमातींबद्दल जे लिहिलंय ते साहेबाच्या नजरेतून आहे. अमुक लोक आळशी, तमुक कष्टाळू. ते वाचून इथल्या कोणाला ऐकवू नका म्हणजे झालं.

कधी येणार त्यावरही पुस्तक ठरतं. शिमग्यात येणार असाल तर पालखी, नमन-खेळे, जाखडी ह्यांवर वाचा. थंडीत सिंधुदुर्गात असाल तर दशावतारावर, पण त्याची जत्रेतली एक रात्र दहा पुस्तकांना भारी आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी बघायचीच असेल तर आधी एखादा लेख पुरे.

मुलं असतील तर त्यांच्या हाती अख्खं पुस्तक देऊ नका. 'श्यामची आई'मधली दोन प्रकरणं गाडीत मोठ्याने वाचा आणि पालगडला साने गुरुजींच्या घरी न्या. आमच्या मुरुडला आलात तर धोंडो केशव कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'तला एकच प्रसंग सांगा. हा मुलगा परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि वय कमी दिसतं म्हणून त्याला बसूच दिलं नाही. गेल्या मे महिन्यात एका सातवीतल्या मुलीने हे ऐकून विचारलं, "मग तो परत पण चालत आला?" मी म्हटलं, तू काय केलं असतंस? ती बराच वेळ गडग्यावर बसून होती.

मिळवायचं कुठे? तुमच्या तालुक्याचं जुनं वाचनालय, तिथे कोकणावरची पुस्तकं धूळ खात असतात. इथे आल्यावर गावच्या देवस्थानची किंवा शाळेच्या शताब्दीची स्मरणिका विचारा. भाषा ओबडधोबड, फोटो धुरकट, पण विहीर कोणी बांधली, पूर कुठपर्यंत आला, हे फक्त तिच्यातच असतं. पावसाळ्यात येणार असाल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आमच्या दमट हवेत चार दिवसांत पानं ओली होतात आणि कसर तर टपूनच बसलेली असते. आणि दोनच पुस्तकं आणा. सात आणणारे सातही तशीच परत नेतात.

ते पुण्याचे गृहस्थ पुढच्या वर्षी परत आले, ह्या वेळी सुवर्णदुर्ग वाचून. जाताना म्हणाले, तुमच्या कपाटासाठी एक पुस्तक पाठवतो. पाठवलंही. वेष्टनावर सुंदर अक्षरात माझं नाव, "मुरुड", आणि खाली पिन 402401. जंजिऱ्याचा. पार्सल रायगड फिरून अकरा दिवसांनी आमच्या पडवीत पोचलं. आत दर्यावर्दी आंग्रे होते.